दुपारच्या उन्हात नेमकं कोण धावत होतं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात कुणी शर्यतीत धावतं, भरतीची तयारी करतं, किंवा जे स्वतः अशा स्पर्धा भरवतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक पोस्टर फिरलं. मे महिना, पन्नास किलोमीटर, डोंगरवाटा आणि किनारा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "आपले पूर्वज उन्हातान्हात अनवाणी धावले, तुम्ही एसीत बसणार?" शंभरेक अंगठे आले, भगवे झेंडे आले, जय शिवराय आले. मी काही लिहिलं नाही. कारण ग्रुपवर दोन ओळीत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मी स्वतः धावतो. गेली दहा-बारा वर्षं धावतोय. त्यामुळे "ह्याला धावण्याचं वावडं" असं कुणी म्हणू नये. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशाच एका शर्यतीत मी आणि माझा मित्र उतरलो होतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडून सुरुवात, मग डोंगरातल्या वाटा, परत खाली रस्ता, परत वर, शेवट मुरूडच्या बाजूला. सुरुवात पहाटे साडेपाचला असं छापलेलं. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे उशिरा आले, निघेपर्यंत सात वाजून गेले. नावं घेत नाही, कारण नावाचा हा विषय नाही. असं सगळीकडेच होतं, आणि तोच विषय आहे.

चौतिसाव्या किलोमीटरच्या आसपास बाराचा सुमार झाला होता. डोंगराच्या आतल्या अंगाला वारा बंद. मागच्या पाणपोईवर पाणी संपलेलं. मित्र माझ्या पुढे होता, तो अचानक थांबला आणि उलट्या दिशेला चालायला लागला. विचारलं तर म्हणाला, "घरी चाललोय, आई वाट बघत्ये." त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अंगाला घाम होता, म्हणून मी आधी म्हटलं, काही नाही, दमलाय. ही माझी चूक. उष्माघात म्हणजे कातडी कोरडीठाक पडणार असं आपण ऐकलेलं असतं. धावणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो, आणि बरळणं हीच त्याची पहिली खूण असते.

त्याला वाचवलं ते वाडीतल्या एका काकीने. ती अंगणातूनच ओरडली, "अरं, बसवू नुको नुसता, पोरावर आधी पानी वता!" विहिरीवरून कळश्या आल्या, अंगावर ओलं लुगडं टाकलं, दोघी जणी सुपाने वारा घालत होत्या. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर तो माझं नाव घेऊन बोलायला लागला होता. नंतर डॉक्टर म्हणाले, "गाडीची वाट बघत नुसते बसला असतात तर मी काही करू शकलो नसतो."

तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून वाचत सुटलो. आपले पूर्वज खरंच दुपारच्या उन्हात धावायचे का?

आधी पायाने टपाल नेणाऱ्यांची गोष्ट बघू, कारण पोटासाठी लांब धावणारा माणूस म्हणजे तोच. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला, मुहम्मद तुघलकाच्या काळात. त्याने इथल्या पायटपालाचं वर्णन लिहून ठेवलंय. एका मैलात तीन चौक्या, म्हणजे एका माणसाने धावायचं ते मैलाचा तिसरा भाग. हातात काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज आला की पुढच्या चौकीवरचा गडी कमर कसून उभा. पत्र हातात पडलं की हा सुटला. तो म्हणतो, हे टपाल घोड्याच्या टपालापेक्षा वेगवान होतं. सिंधमधून दिल्लीला जायला पन्नास दिवसांची वाट, पण बातमी पाच दिवसांत पोचायची. आपल्या दौलताबादेत सुलतान असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणी असंच आणलं जायचं, चाळीस दिवसांच्या वाटेवरून.

ह्यात पन्नास दिवसांची वाट पाच दिवसांत तोडली कुणी? एका माणसाने नाही. शेकडो माणसांनी, आणि प्रत्येकाने अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. ताजा माणूस, छोटा टप्पा, की पुढचा ताजा माणूस.

मराठेशाहीत जासूद, काशीद, हरकारे हे शब्द कागदोपत्री पानोपानी भेटतात. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली हे सगळ्यांना माहीत आहे. सावकारांचा काशीद औरंगाबादेकडे निघाला होता, पेशवे तेव्हा नर्मदेच्या बाजूला होते, त्यांनी ते पत्र फोडलं, आणि मोत्यांच्या नि मोहरांच्या भाषेत लिहिलेला तो अनर्थ वाचला. ग्रँट डफ लिहितो की ह्या काशिदाने नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचा करार केला होता. म्हणजे सावकारी टपाल किती चोख होतं बघा. पण तारीखही बघा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ऐन थंडीचे दिवस. ह्या गोष्टीवरून मे महिन्यातल्या शर्यतीचं पोस्टर करता येत नाही.

मग कंपनीचं राज्य आलं. १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने टपाल सर्वसामान्यांना खुलं केलं, १८३७ आणि १८५४ मध्ये टपालाचे कायदे झाले. रेल्वे जिथे नव्हती तिथे थैली माणसाच्या खांद्यावरूनच जायची. आपला कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) तर खाड्यांनी तोडलेला. धरमतरची खाडी, कुंडलिकेची, राजपुरीची, बाणकोटची. तरीतून उतरायचं, पुढे पायी. ह्या धावकाच्या हातातही घुंगरांची काठी किंवा भाला असायचा, जनावराला हुसकायला आणि पुढच्याला वर्दी द्यायला. टप्पा सात-आठ मैलांचा. रात्रीच्या वेळी सोबत मशालजी, जंगल असलं तर ढोल वाजवणारा. मशालजी पगारावर ठेवलाय ह्याचा अर्थ सरळ आहे, टपाल रात्रभर चालायचं. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या टपाल तिकिटांची जी मालिका निघाली, तिच्यात दोन आण्यांच्या तिकिटावर हा धावकच छापलाय. पुढच्या किमतींना बैलगाडी, टांगा, उंट, रेल्वे, बोट, लॉरी, विमान. सगळ्यांच्या आधी तो पायी पळणारा माणूस. मला त्या तिकिटाचा अभिमान वाटतो. पण तो माणूस सात-आठ मैल पळाला की थैली दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि सावलीत बसायचा, हेही त्या अभिमानात धरायला हवं.

आणि एवढं लांब कशाला जायचं? आपल्या आजूबाजूला बघा. वीटभट्टीवरची कातकरी कुटुंबं मध्यरात्रीनंतर उठतात आणि ऊन तापायच्या आत विटा पाडून मोकळी होतात. पेण-उरणच्या मिठागरांत मीठ पिकतं ते ऐन उन्हाळ्यात, पण मीठ ओढायचं काम पहाटे आणि उतरत्या उन्हात. बैलगाड्या रात्री जायच्या, बैलांसाठी. आमची आजी नातवंडांना बारा ते चार दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. तिला कुणी उष्माघात शिकवला नव्हता. "दुपारची वेळ वाईट" एवढंच ती म्हणायची. आम्हाला वाटायचं भुताखेताचं सांगत्ये.

म्हणजे ज्यांना उन्हात राबावं लागलं, त्यांनी ते टाळायचे मार्ग काढले. पहाट, रात्र, टप्पे, सावली, पेज. ज्यांना टाळता आलं नाही ते सोसत राहिले, त्यांच्यातले काही मेले, आणि त्यांची पोस्टरं कुणी छापली नाहीत.

मग दुपारच्या उन्हात लांबची शर्यत लावायची ही कल्पना आली कुठून? ती आपल्या पूर्वजांची नाही मंडळी. ती बाहेरून आली, आणि ज्यांनी आणली त्यांनीही तिची किंमत मोजली.

१९०४, अमेरिका, सेंट लुईस ऑलिम्पिक. मॅरेथॉन सुरू केली दुपारी तीनला, ऑगस्टअखेरीस, बत्तीस अंशांच्या आसपास ऊन, धुळीचा रस्ता. आयोजकाला बघायचं होतं की पाणी कमी दिलं तर शरीराचं काय होतं. म्हणून वाटेत पाणी जवळजवळ नाहीच, बारा मैलांच्या आसपास एक विहीर. बत्तीस निघाले, चौदा पोचले. जो जिंकला त्या टॉमस हिक्सला वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिकनीन पाजत आणलं होतं. स्ट्रिकनीन म्हणजे आपण ज्याला कुचला म्हणतो त्यातलं विष.

१९१२, स्टॉकहोम. तारीख १४ जुलै, सुरुवात दुपारी पावणेदोनच्या सुमारास. स्वीडनसारख्या थंड देशात त्या दिवशी पारा तिशीच्या वर. निघालेल्यांतले निम्मेच पोचले. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिम्पिकमध्ये धावता धावता गेलेला तो पहिला. उन्हापासून वाचायला त्याने अंगाला मेण-चरबीसारखं काही चोपडलं होतं असं सांगतात. म्हणजे घाम बाहेर पडायची वाटच बंद. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार होऊन एका घरी थांबला, आणि कुणाला न सांगता मायदेशी गेला. १९६७ मध्ये त्याला परत बोलावून राहिलेलं अंतर पुरं करायला लावलं. त्याची वेळ लागली ५४ वर्षं आणि काही महिने. आपण ही गोष्ट हसत सांगतो. पण मला त्यातलं ते घर आठवतं, जिथे त्याला सावली आणि प्यायला काहीतरी मिळालं. लाझारोला ते घर लागलं नाही, एवढाच दोघांत फरक.

आता आपल्या माणसांकडे या. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती दोराबजी टाटांनी पाहिल्या. शेतकरी घरातली पोरं अनवाणी धावत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात होत्या. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा पहिला संघ गेला. मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. कुस्तीला रणधीर शिंदे आणि कुमार नवले. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. बूट घालून धावायची सवय नसलेला, युरोप पहिल्यांदा बघणारा गडी जगात एकोणिसावा! हे नाव आपल्या पोरांना पाठ असायला हवं. पण त्या दिवशी अँटवर्पला हवा थंड होती आणि पाऊस होता, हेही खरं. चौगुल्यांचं मोठेपण त्यांच्या पायात आणि छातीत होतं. उन्हाशी त्याचा संबंध नाही. आपण मात्र "अनवाणी" आणि "उन्हात" हे दोन शब्द एकत्र बांधून टाकलेत.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, माठाचं शास्त्र आहे.

देशावर, समजा नगर-सोलापूरला, उन्हाळ्यात माठातलं पाणी गारेगार होतं. तोच माठ आपल्याकडे मुरूड-श्रीवर्धनला आणला तर तेवढं गार होत नाही. का? माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जातं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली. उडायला जागा नाही. माणसाचं शरीर म्हणजे हाच माठ. साठ किलोचा माणूस दहा किलोमीटर धावला की साधारण सहाशे किलोकॅलरी खर्च करतो, त्यातल्या साडेचारशेच्या वर नुसती उष्णता होते. ती बाहेर पडलीच नाही तर अंगाचा ताप आठ-नऊ अंश सेल्सिअसने चढेल. म्हणजे माणूस उरणार नाही. ती बाहेर नेतो घाम, पण उडून गेलेला घाम. जमिनीवर ठिबकलेला घाम फुकट. किनाऱ्यावर धावताना टीशर्ट पिळला की तांब्याभर पाणी निघतं ना, ते सगळं फुकट गेलेलं पाणी.

म्हणून नुसतं तापमान बघून चालत नाही. अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड छावणीत, तीही दमट किनाऱ्यावरच, १९५० च्या दशकात रंगरूट उन्हाने कोसळायला लागले. तेव्हा याग्लू आणि मिनार्ड ह्या दोघांनी १९५७ मध्ये एक मोजमाप मांडलं. ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरला सत्तर टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला वीस, आणि आपल्या नेहमीच्या तापमानाला फक्त दहा टक्के. ह्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. हा आकडा २८ च्या वर गेला तर लांब पल्ल्याची शर्यत घेऊ नये, असं अमेरिकेच्या क्रीडावैद्यक संस्थेने सांगून ठेवलंय.

लोक म्हणतात, अमेरिकेत डेथ व्हॅलीत पन्नास अंशांत धावतात, आपल्या चौतीसचं काय कौतुक? हिशोब करून बघा. पन्नास अंश आणि आठ टक्के आर्द्रता असली तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर दाखवतो साधारण तेवीस. चौतीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता, म्हणजे आपली मे महिन्यातली साधी दुपार, तर तोच थर्मामीटर साडेअठ्ठावीसच्या आसपास. त्यात अजून ऊन धरलेलंच नाही. म्हणजे घामाने गार होण्याच्या बाबतीत आपला किनारा त्या वाळवंटापेक्षा वाईट. आणि त्या बॅडवॉटर शर्यतीत, २१७ किलोमीटरच्या, आता सुरुवात होते रात्री. प्रत्येक धावणाऱ्यामागे स्वतःची गाडी, गाडीत बर्फ, सोबत चार माणसं. आपल्याकडे पोस्टर त्यांचं घेतात, बर्फ घेत नाहीत.

किनाऱ्यासाठी वेधशाळेचा नियमही म्हणूनच वेगळा आहे. सपाट प्रदेशात चाळीस अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत, किनारपट्टीला सदतीस पुरतात, नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असले तर. आणि डोंगराच्या आत गेलात तर तो वेगळाच जिल्हा. ताम्हिणीच्या पायथ्याचं आपलं भिरा आठवतं? २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी झाली. त्या नोंदीवर नंतर बरीच चर्चा झाली, पण समुद्राचा वारा जिथे पोचत नाही तिथे काय होतं हे तिथल्या लोकांना विचारा.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो. १६ एप्रिल २०२३, खारघर. आपल्याच जिल्ह्यात, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. आपल्या तालुक्यांतली किती माणसं तिथे होती हे मी सांगायला नको. श्रद्धेने गेली, शिस्तीत बसली. पारा ३८ च्या आसपास. चौदा जण गेले. ती माणसं धावत नव्हती. बसली होती. मला इथे राजकारण करायचं नाही, ते तेव्हा सगळ्यांनी करून झालं. मला एवढंच म्हणायचंय की आपल्या हवेत दुपारी नुसतं बसून जर माणूस जातो, तर त्याच हवेत पन्नास किलोमीटर धावायला लावताना आपला हात थरथरला पाहिजे. त्यानंतर दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नकोत असं सरकारने जाहीर केलं होतं. तो शहाणपणा त्या उन्हाळ्याबरोबरच संपला का?

जग ह्यातून शिकलंय. २०१९ ची जागतिक स्पर्धा दोह्याला झाली, आपल्यासारखंच दमट समुद्रकाठचं गाव. महिलांची मॅरेथॉन त्यांनी मध्यरात्री सुरू केली. तरी ६८ पैकी २८ जणी वाटेतच बाहेर पडल्या. जगातल्या सगळ्यात कसलेल्या बायका, मध्यरात्री! त्यानंतर काही दिवसांतच टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन टोकियोतून उचलून आठशे किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला नेली. यजमान शहर नाराज झालं, तरी नेली. आपल्याकडेही जे जाणते आहेत ते तसंच वागतात. मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली फेब्रुवारी २००४ मध्ये, पुढच्या वर्षीपासून जानेवारीत आली, आणि निघते पहाटे. सिंहगड-राजगड-तोरणा ही आपल्या सह्याद्रीतली नावाजलेली लांबची शर्यत डिसेंबरात असते. ज्यांना डोंगरात धावायचं कळतं, त्यांनी महिना निवडताना कॅलेंडर बघितलंय.

आणि न शिकल्याचं ताजं उदाहरणही आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांची भरती झाली. एका तासात दहा किलोमीटर. दहाहून जास्त उमेदवार गेले. उकाड्याबरोबर इतर कारणांचीही चर्चा झाली, पण सरकारने केलं काय, तर भरती तीन दिवस थांबवली आणि धाव सकाळी नऊच्या आत संपवा म्हणून सांगितलं. आधी का नाही? आपल्या पोलीस भरतीत पोरांना सोळाशे मीटर आणि पोरींना आठशे मीटर असतं, अंतर कमी आहे. पण तयारीला आपली पोरं कधी धावतात? कामावरून सुटली की, कॉलेज सुटलं की. मी भर दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर रेनकोट घालून धावणारा मुलगा बघितलाय. वजन उतरवायला! त्याला थांबवलं तर म्हणाला, "काका, सर म्हणाले घाम गाळल्याशिवाय वर्दी नाही." घाम गाळ ना बाबा, पण उडू दे तो.

तर आता मागणं. पोस्टरवाल्यांशी माझं भांडण नाही. शर्यत व्हावी, आपल्या वाटा लोकांनी बघाव्यात, चार घरांना चार पैसे मिळावेत, मला हवंच आहे. फक्त एवढं करा.

एक. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत लांबची शर्यत नको. घ्यायचीच तर रात्री घ्या, आणि शेवटचा माणूस सकाळी नऊच्या आत घरी. पन्नास किलोमीटरला हे जमत नसेल तर अंतर कमी करा. डिसेंबर रिकामाच आहे.

दोन. झेंडा पाहुण्यांसाठी थांबणार नाही. पाहुण्यांना बक्षिसाला बोलवा.

तीन. प्रत्येक पाच किलोमीटरवर पाणी, आणि नुसतं पाणी नको. मिठाची पेज, मीठ घातलेलं कोकम सरबत. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्क्यांना ते झालेलं आढळलं होतं. तहान लागेल तसं प्यावं, पैज लावून पिऊ नये.

चार. प्रत्येक पाणपोईवर एक मोठं टप, पाणी आणि बर्फ. कोळीवाड्यांच्या गावात बर्फ मिळत नाही असं मला कुणी सांगू नये. कुणी बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, की आधी टपात घाला, मग १०८ ला फोन, मग गाडी. आधी गार करा, मग हलवा. हा क्रम उलटला की माणूस जातो.

पाच. डॉक्टरला शर्यत थांबवायचा अधिकार लेखी द्या. आणि धावणाऱ्याने थांबायचं ठरवलं तर त्याला टाळ्या वाजवा. आपल्याकडे थांबणाऱ्याला हसतात, म्हणून पोरं कोसळेपर्यंत धावतात.

ग्रामपंचायतींना माझं म्हणणं आहे की परवानगीचा अर्ज आला की ह्या पाच गोष्टी विचारा. शर्यत किती वाजता संपणार, हा प्रश्न कुठल्याच अर्जात नसतो. तो घाला.

माझा मित्र आता परत धावतो. उन्हाळ्यात पहाटे चारला निघतो आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत परत येतो. त्या वाडीतल्या काकीकडे आम्ही दर वर्षी जातो. मागच्या वेळी तिला मी ह्या सगळ्या वाचनाबद्दल सांगितलं, ऑलिम्पिक, अमेरिकेची छावणी वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढा वाचलास तरी तुला तवा पानी वतायचा सुचला न्हाय."

खरं आहे. ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारं पोर आहे त्यांना तरी ही पोस्ट पाठवा.